संगमावरचा संन्यासी आणि त्याला शोधत आलेलं गाव

दुधनीहून मैंदर्गीवरून गेलं की अक्कलकोट. उलट्या दिशेने कर्नाटकची हद्द ओलांडली की भीमेच्या काठावरचं गाणगापूर. सोलापूर-कलबुर्गी लोहमार्गावरचं हे आमचं गाव दोन मोठ्या तीर्थांच्या मधोमध पडतं. पौर्णिमा जवळ आली की गाडीत भगव्या पंचात गुंडाळलेली पोथी जपून धरलेली माणसं दिसू लागतात. ती गाणगापूर रोड स्टेशनवर उतरतात आणि पुढचे वीसेक किलोमीटर मिळेल त्या वाहनाने जातात. यांतल्या कितीतरी घरांत बोलणं कानडीत चालतं, पण सप्ताहाला बसले की वाचन होतं मराठी ओवीचं. ही पोथी म्हणजे गुरुचरित्र आणि तिचे नायक श्री नृसिंह सरस्वती.

नृसिंह सरस्वतींबद्दल भक्तीने लिहिलेलं पुष्कळ आहे. चमत्कारांच्या कथा बाजूला सारून उरलेल्या चार तारखांवर समाधान मानणारं लेखनही आहे. मला दोन्ही अपुरी वाटतात. एकांतात राहणाऱ्या संताच्या दंतकथा नीट वाचल्या तर त्यांत संतापेक्षाही जास्त दिसतात ती त्याला शोधत येणारी माणसं. त्यांना काय हवं होतं, कशाची भीती होती, शेतात काय पिकत होतं, राज्य कुणाचं होतं, हे सगळं त्या कथांत साठलेलं असतं. जगापासून दूर गेलेला माणूस आणि त्याला परत आणू पाहणारं जग यांची ओढाताण हाच बहुतेक सगळ्या कथांचा गाभा असतो. गुरुचरित्रात ही ओढाताण फार स्पष्ट दिसते, आणि मध्ययुगीन युरोपातल्या कॅथलिक तपस्व्यांच्या कथा शेजारी ठेवल्या की आणखी स्पष्ट होते.

आधी चरित्र पाहू. परंपरेनुसार नृसिंह सरस्वतींचा काळ साधारण १३७८ ते १४५८ असा धरतात. जन्म वऱ्हाडातल्या कारंजा इथला. वडील माधव, आई अंबा. मुलाचं नाव नरहरी. हे मूल मुंजीपर्यंत ॐकाराखेरीज काही बोललं नाही आणि मुंजीच्या भिक्षावळीत एकदम वेद म्हणू लागलं, अशी पहिली कथा. आईला आणखी मुलं होईपर्यंत नरहरी घरी राहिले आणि मग काशीला निघाले. तिथे वृद्ध कृष्ण सरस्वतींकडून त्यांनी संन्यास घेतला. पुढे तीर्थयात्रा करत ते दक्षिणेकडे परतले. परळी वैजनाथला वर्षभर गुप्तपणे राहिले. भिलवडीजवळ कृष्णेच्या काठी, ज्याला आज औदुंबर म्हणतात तिथे, एक चातुर्मास केला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, आजच्या नरसोबाच्या वाडीत, बारा वर्षं काढली. आणि शेवटी भीमा-अमरजा संगमावर गाणगापूरला आले. तिथे वीसहून अधिक वर्षं त्यांचा मुक्काम झाला.

ही ठिकाणं नकाशावर लावून पाहावीत. प्रत्येक वेळी नदीकाठ, शक्यतो संगम, आणि प्रत्येक वेळी वस्तीपासून थोडं दूर. पोथी पुन्हा पुन्हा सांगते की गुरूंना गुप्त राहायचं होतं. पण कीर्ती पसरते, माणसं येऊ लागतात, की ते पुढे निघतात आणि मागे पादुका ठेवून जातात. औदुंबरला विमल पादुका, वाडीला मनोहर, गाणगापूरला निर्गुण. आज दत्तसंप्रदायाची जी मोठी क्षेत्रं आहेत त्यांची ओळच्या ओळ एका माणसाच्या गर्दीपासून दूर सरकण्यातून तयार झाली आहे.

हे सगळं आपल्यापर्यंत आणणारा लेखक आमच्याच भागातला. सरस्वती गंगाधर यांचं घराणं कडगंचीचं. कडगंची आज कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद तालुक्यात आहे. त्यांचे पूर्वज सायंदेव हे नृसिंह सरस्वतींचे प्रत्यक्ष शिष्य. सायंदेव एका मुसलमान अधिकाऱ्याच्या चाकरीत होते आणि त्या अधिकाऱ्याने जिवावर उठून बोलावलं असताना गुरूंनी अभय दिलं, ही कथा पोथीच्या चौदाव्या अध्यायात येते. आजही संकटात सापडलेली माणसं हा अध्याय वेगळा काढून वाचतात. सायंदेवांपासून पाचव्या पिढीत सरस्वती गंगाधर झाले. म्हणजे ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा, घटनांनंतर साधारण शंभर वर्षांनी लिहिलेला. आपण मराठी बोलणाऱ्या घरातले नाही, हे लेखकाने स्वतःच सांगितलं आहे. कानडी घरातल्या माणसाने घराण्यात चालत आलेल्या आठवणी मराठी ओवीत मांडल्या. १९५६ साली भाषावार प्रांत झाले आणि लेखकाचं गाव व गाणगापूर एका राज्यात, अक्कलकोट-दुधनी दुसऱ्या राज्यात गेली. पोथीवर त्याचा काहीच परिणाम झाला नाही. दोन्ही बाजूंची माणसं तीच पोथी वाचत राहिली.

आता बाविसाव्या अध्यायातली म्हशीची कथा जरा जवळून पाहू, कारण माझ्या मते साऱ्या चरित्राची कळ तिथे आहे.

गुरू संगमावर राहत आणि दुपारी गावात भिक्षेला येत. गावात संपन्न ब्राह्मण पुष्कळ. पण गुरू जात ते एका अत्यंत गरीब ब्राह्मणाच्या दारी. त्याच्याकडे एक म्हातारी वांझ म्हैस होती. दात पडलेले, नाकात वेसण घातलेली. माती वाहायला लोक ती भाड्याने नेत आणि त्यातून चार दाणे घरात येत. वैशाखातल्या एका दुपारी गुरू दारात उभे राहिले. घरधनी भिक्षेला बाहेर गेलेला, घरात द्यायला काही नाही. त्या दिवशी म्हैस दारातच बांधलेली होती. गुरूंनी तिच्याकडे बोट दाखवून दूध मागितलं. बाई म्हणाली, ही व्यालेलीच नाही, ओझं वाहायला ठेवली आहे. गुरूंनी ऐकलं नाही. बाई भांडं घेऊन बसली आणि दोन भांडी दूध निघालं. गुरू ते पिऊन संगमावर परत गेले.

दुसऱ्या दिवशी माती वाहण्यासाठी म्हैस न्यायला माणसं आली, तेव्हा ब्राह्मणाने ती दिली नाही, दूध काढून दाखवलं. गावभर बोभाटा झाला. गोष्ट गावाच्या अधिपतीपर्यंत पोचली. तो लवाजमा घेऊन संगमावर गेला, पाया पडला आणि गावात राहायला चला म्हणून विनवू लागला. गुरूंनी मान्य केलं. त्यांना पालखीत बसवून वाजतगाजत गावात आणलं. वाटेत एका ओसाड घराजवळच्या पिंपळावर ब्रह्मराक्षस होता. त्याला गुरूंनी मुक्त केलं आणि त्याच जागी मठ उभा राहिला.

या कथेत चमत्कार दुधाचा आहे, पण कथेचं काम वेगळंच आहे. संगमावरचा एकटा संन्यासी गावातल्या मठाचा स्वामी कसा झाला, हा प्रश्न ती सोडवते. आणि सोडवताना ती दोन टोकं जोडते. एका टोकाला गावातलं सगळ्यात गरीब घर, दुसऱ्या टोकाला गावचा अधिपती. गुरू आधी गरिबाच्या दारी उभे राहिले, म्हणून मग अधिपतीने संगमावर यायचं. हा क्रम कथेने ठरवून ठेवलेला आहे.

अगदी हीच गोष्ट दक्षिण फ्रान्समध्ये सांगितली जाते. तिकडच्या संताचं नाव जाइल्स. कॅथलिक पंचांगात १ सप्टेंबर हा त्यांचा दिवस. त्यांचा काळ सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचा मानतात आणि त्यांचं चरित्र लिहिलं गेलं ते दहाव्या शतकात, म्हणजे तिथेही माणूस आणि ग्रंथ यांत बरंच अंतर आहे. कथा अशी: जाइल्स मूळचे अथेन्सचे. लोक मागे लागू लागले म्हणून ते देश सोडून निघाले आणि ऱ्होन नदीच्या मुखाजवळच्या रानात एकटे राहू लागले. तिथे त्यांना सोबत होती एका हरिणीची. ती त्यांना आपलं दूध देई. एकदा राजाचे शिकारी त्या हरिणीच्या मागे लागले. ती धावत जाइल्सच्या आश्रयाला आली. शिकाऱ्याने झुडपात बाण सोडला आणि तो हरिणीला न लागता तिला वाचवणाऱ्या जाइल्सना लागला. राजा तिथे आला, जखमी तपस्वी पाहून त्याने क्षमा मागितली आणि त्यांच्यासाठी मठ बांधून दिला. रानातला माणूस मठाधिपती झाला. कथेत राजाचं नाव वांबा असं येतं. वांबा हा व्हिसिगॉथांचा राजा ६७२ ते ६८० या काळात खरोखर होऊन गेला.

दूध, राजा, मठ. गाणगापूर आणि फ्रान्समधलं सँ-जील यांत ही कथा कुणी कुणाकडून उचललेली नाही, तसा काही संबंधच नव्हता. पण प्रश्न दोन्हीकडे एकच होता. ज्याने सगळं सोडलं त्याच्या नावाने जमिनी, इमारती, देणग्या, यात्रा कशा सुरू झाल्या? भक्तांना याचं उत्तर हवं असतं. कथा सांगते की संताने काही मागितलं नाही. जनावराने त्याला पोसलं, आणि ते पाहून सत्ता आपण होऊन त्याच्याकडे आली. सँ-जीलचा मठ पुढे फार मोठा झाला. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावरचा तो महत्त्वाचा मुक्काम होता आणि त्याच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवरचं बाराव्या शतकातलं शिल्पकाम आजही लोक मुद्दाम पाहायला जातात. जाइल्सनी ती बाणाची जखम बरी होऊ नये अशी प्रार्थना केली, असं परंपरा सांगते. म्हणून ते पांगळ्यांचे संत झाले. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये त्यांच्या नावाची कितीतरी चर्च आहेत.

कॅथलिक संतांच्या कथा मराठी ओवीलाही नव्या नाहीत, हे इथे सांगायला हवं. गोव्यात १६१६ साली फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण ओवीत छापलं गेलं. १६५५ मध्ये आंतोनियु द साल्दान्य या जेझुइटाने पाद्वाच्या संत अंतोनीची जीवितकथा रचली. गुरुचरित्रानंतर शंभरेक वर्षांत तीच ओवी तेराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज मठवासीयाचे चमत्कार सांगत होती. आपल्याकडच्या साहित्येतिहासात या ग्रंथांची दखल घेतली जाते ती भाषेच्या अंगाने. संतकथा म्हणून ते आपल्या पोथ्यांशेजारी ठेवून वाचायला हवेत.

जाइल्सची गोष्ट दंतकथेची आहे. पण रानातून ओढून आणलेल्या तपस्व्याचं एक उदाहरण इतिहासात, तारखांनिशी आहे. इटलीतल्या आब्रुत्सी भागात मोरोने आणि मायेल्ला या डोंगरांवर पीटर नावाचे साधू राहत. १२९२ च्या एप्रिलमध्ये पोप चौथे निकोलस वारले आणि पुढची दोन वर्षं कार्डिनलांचं एकमत होईना. डोंगरावरच्या पीटरनी त्यांना कडक शब्दांत पत्र पाठवलं. कार्डिनलांनी ५ जुलै १२९४ रोजी त्यांनाच पोप निवडलं. ऐंशीच्या घरातल्या त्या साधूला आणायला माणसं डोंगर चढून त्यांच्या खोपटापर्यंत गेली. ते गाढवावर बसून लाक्विला शहरात आले. पोप पाचवे सेलेस्टीन या नावाने त्यांचा अभिषेक झाला. कारभार त्यांना जमेना. नेपल्सच्या किल्ल्यात त्यांनी आपल्यासाठी लाकडाची छोटी खोली करून घेतली आणि तिथे ते एकांत शोधू लागले. १३ डिसेंबर १२९४ रोजी त्यांनी पद सोडलं. पुढच्या पोपने, आठव्या बोनिफेसने, त्यांना डोंगरावर परत जाऊ दिलं नाही. फुमोने इथल्या किल्ल्यात ठेवलं. तिथेच ते १२९६ मध्ये वारले. १३१३ मध्ये त्यांना संत जाहीर करण्यात आलं.

मला हे प्रकरण वाचताना नेहमी गुरुचरित्रातला चोविसावा अध्याय आठवतो. कुमसी गावात त्रिविक्रम भारती नावाचे संन्यासी होते. गाणगापूरचा स्वामी पालखीत बसतो, बरोबर सैन्य चालतं, हा कसला संन्यासी, हा तर दांभिक, असं ते उघड म्हणत. गुरू लवाजम्यासह कुमसीला गेले आणि त्रिविक्रमांना समोरचा प्रत्येक शिपाई, प्रत्येक सेवक दंडधारी संन्याशाच्या रूपात दिसू लागला. त्यांनी क्षमा मागितली. पुढे ते गुरूंचे शिष्य झाले. सरस्वती गंगाधरांचं मला इथे फार कौतुक वाटतं. त्यांनी आक्षेप लपवला नाही. आपल्या गुरूंवर समकालीनांनी दांभिकपणाचा आरोप केला होता, हे त्यांनी पोथीत नोंदवून ठेवलं. उत्तर चमत्काराचं दिलं, पण प्रश्न पूर्ण ताकदीने मांडला. नुसतं स्तुतिपर चरित्र लिहिणाऱ्याला हे करायची गरज नव्हती.

जी कथा आमच्या भागातला शेतकरी ऐकताना सावरून बसतो, ती सत्तेचाळिसाव्या अध्यायातली. पर्वतेश्वर नावाचा शूद्र शेतकरी रोज गुरूंच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नमस्कार करी. त्याच्या शेतात ज्वारी उभी होती, कणसं भरायची होती. एके दिवशी गुरू म्हणाले, आम्ही दुपारी परत येईपर्यंत हे पीक कापून टाक. शेतकरी तडक गावच्या अधिकाऱ्याकडे गेला. पीक कापलं तर सरकारी वाट्याचं काय, म्हणून अधिकारी अडला. गेल्या वर्षीच्या दुप्पट धान्य देईन असं लिहून देऊन शेतकऱ्याने परवानगी मिळवली. बायको रडली, पोरंबाळं ओरडली, तरी त्याने उभं पीक कापलं. गुरू परतले आणि म्हणाले, मी सहज बोललो, तू उगाच कापलंस. पुढे मूळ नक्षत्रात पाऊस आणि गार वारा आला, गावातली सगळी पिकं गेली. पर्वतेश्वराच्या खोडांना मात्र फुटवे आले आणि शतपट पीक झालं.

मूळ नक्षत्र म्हणजे डिसेंबरचा मध्य. सोलापूर-कलबुर्गी पट्ट्यात तेव्हा रब्बीची ज्वारी पोटरीत किंवा फुलोऱ्यात असते. अवेळी पाऊस आणि थंडी आली की परागकण धुऊन जातात, दाणा भरत नाही. हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. आणि ज्वारीचं ताट कापलं की बुडख्याजवळच्या पेरांवरचे निजलेले डोळे फुटतात, जमिनीत ओल असेल तर जोमाने वाढतात, हेही तो जाणतो. त्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं म्हणून जनावरं तिकडे वळू देत नाहीत. चमत्काराची कथा शेतीच्या नेमक्या ज्ञानावर उभी आहे. शिवाय तिच्यात वसुलीची पद्धत आहे, अधिकाऱ्याला द्यायची लेखी कबुलायत आहे, घरच्यांचा आक्रोश आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या भीमाकाठच्या शेतकऱ्याचं इतकं जिवंत चित्र दुसरीकडे सहजासहजी मिळणार नाही.

तो काळ दुष्काळांचा होता. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं टिकला असं परंपरा सांगते. तेव्हा नरहरी तरुण होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली तो दुष्काळ १४६० च्या आसपासचा, म्हणजे गुरूंच्या निर्याणाला लागून. तीन माणसांना पुरेल एवढ्या शिध्यात गुरूंनी हजारोंना जेवू घातलं, या भास्कर ब्राह्मणाच्या कथेला ही पार्श्वभूमी आहे. उपाशी लोकांच्या मनात जेवणाचे चमत्कार घर करून राहतात.

सगळ्याच कथा अशा मनाला भावणाऱ्या नाहीत. विद्येचा गर्व घेऊन आलेल्या दोन ब्राह्मणांना नमवण्यासाठी गुरूंनी एका मातंगाला बोलावलं, सात रेघा ओढून त्या ओलांडायला लावल्या, अंगाला भस्म लावलं आणि त्याच्या तोंडून वेद वदवले. इथपर्यंत वाचून छाती भरून येते. पण पुढे काय होतं? तो मातंग आता परत जायला तयार होत नाही, तेव्हा त्याच्या अंगावरचं भस्म धुऊन टाकतात आणि तो पुन्हा पूर्वीसारखा होऊन आपल्या घरी जातो. वेद त्याच्या मुखातून येऊ शकतात हे पोथीने मान्य केलं, पण तो वेद म्हणत राहू शकतो हे मान्य केलं नाही. त्या दोन पंडितांचा गर्व उतरला, मातंगाच्या हाती काही राहिलं नाही. त्याच भीमेच्या काठी, पंढरपुरात, चोखोबा त्याआधी शंभर वर्षं गाऊन गेले होते. गुरुचरित्रावर प्रेम करणाऱ्याने हा अध्याय गाळून पुढे जाऊ नये असं मला वाटतं. लोकांनी संताला परत आणलं, तेव्हा आपली समाजरचनाही त्याच्या गळ्यात घातली, हे इथे उघड दिसतं.

बिदरच्या बादशहाची कथा पन्नासाव्या अध्यायातली. नृसिंह सरस्वतींच्या पूर्वावतारात, श्रीपाद श्रीवल्लभांच्या वेळी, कुरवपूरला एक परीट त्यांची सेवा करी. नदीवर आलेल्या राजाचं वैभव पाहून त्याला क्षणभर मोह झाला. श्रीपादांनी त्याला पुढच्या जन्मी राज्य दिलं. तोच बिदरचा मुसलमान राजा झाला. त्याच्या मांडीला फोड आला, कुठल्याच औषधाने बरा होईना. शोधत तो गाणगापूरच्या संगमावर आला. गुरूंनी त्याला परीट म्हणून हाक मारली आणि त्याला मागचा जन्म आठवला. फोड नाहीसा झाला. मग त्याने गुरूंना सन्मानाने बिदरला नेलं.

बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली ती अहमदशहाने. त्याची कारकीर्द १४२२ ते १४३६. लोक त्याला वली, म्हणजे संत, मानत. बिदरजवळ अष्टूर इथे त्याच्या कबरीवर भरणाऱ्या उरुसाला आजही जंगम येतात आणि लिंगायत भक्त जमतात. त्याचा मुलगा अलाउद्दीन १४५८ मध्ये वारला. तो पायाच्या जखमेने गेला असं फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिलं आहे. मांडीचा फोड आणि पायाची जखम जोडून पाहण्याचा मोह होतो. पण पोथीतला राजा बरा होतो आणि इतिहासातला मरतो, त्यामुळे हा पुरावा धरता येत नाही. राजाच्या दुखण्याची बातमी भीमाकाठी पोचली असणार आणि लोकांच्या बोलण्यातून तिची कथा झाली असणार, एवढं म्हणता येतं. मुसलमान राजा हा मूळचा आपल्याच गुरूचा परीट, या कल्पनेत परक्या सत्तेशी जमवून घेण्याची एक रीत आहे. शत्रुत्व नाही, शरणागतीही नाही.

याच भेटीनंतर गुरू निघून जायचं ठरवतात. राजाच्या भेटीची वार्ता पसरली, आता नाना प्रकारचे लोक येतील, म्हणून गुप्त व्हायला हवं, असं पोथीतच कारण दिलं आहे. गावच्या अधिपतीने संगमावरून मठात आणलं होतं. बादशहाने शोधून काढल्यावर मठही सुटला. गुरू श्रीशैलाकडे निघाले. बाराव्या शतकात सोलापूरचे सिद्धरामेश्वर लहानपणी मल्लिकार्जुनाला शोधत तिकडेच गेले होते. आमच्या भागातल्या तपस्व्यांची वाट फिरून फिरून त्या डोंगराकडे जाते.

निर्याणाची तिथी पोथीने नेमकी दिली आहे: बहुधान्य संवत्सर, माघ वद्य प्रतिपदा, गुरू कन्या राशीत. साठ संवत्सरांचं चक्र असल्याने हिशेब करता येतो. शके १९२०, म्हणजे १९९८-९९, हे बहुधान्य होतं. त्यातून नऊ चक्रं, ५४० वर्षं, वजा केली की शके १३८० येतं. माघ महिना शकाच्या शेवटाकडे पडतो, म्हणजे इंग्रजी साल १४५९ च्या सुरुवातीचं. आपण सवयीने १४५८ म्हणतो. शंभर वर्षांनंतर लिहिणाऱ्या घराण्याने ही तिथी जपली होती, म्हणून मला ती विश्वसनीय वाटते. त्या दिवशी पाताळगंगेत, म्हणजे श्रीशैलाखालच्या कृष्णेत, फुलांच्या आसनावर बसून गुरू पलीकडे गेले आणि शिष्यांसाठी प्रसादाची फुलं वाहत आली, असं पोथी सांगते.

लोकांनी तिथेही त्यांना सोडलं नाही. पुढे एक कथा तयार झाली: श्रीशैलाजवळच्या कर्दळीवनात ते समाधीत बसले, अंगावर वारूळ चढलं, शतकं गेली. एक लाकूडतोड्या तिथे आला, त्याची कुऱ्हाड निसटून वारुळावर पडली आणि आतून रक्त आलं. मांडीवर घाव घेऊन जे उठले ते अक्कलकोटचे स्वामी समर्थ. जाइल्सना शिकाऱ्याचा बाण लागला, इथे कुऱ्हाड लागली. दोन्हीकडे दुखावणारा माणूस आपल्या कामासाठी रानात आलेला आहे, त्याच्या मनात वाईट काही नाही, आणि त्याच्या हातूनच तपस्वी जगाला सापडतो.

स्वामी समर्थ १८५७ च्या आसपास अक्कलकोटला आले आणि ३० एप्रिल १८७८ रोजी त्यांनी देह ठेवला. गाणगापूरची कथा शंभर वर्षांनी लिहिली गेली. अक्कलकोटला मात्र पाहणारे, ऐकणारे लोक होते, छायाचित्रं आहेत, गोपाळबुवा केळकरांसारख्या सहवासातल्या माणसाने बखर लिहिली आहे. दंतकथा आणि प्रत्यक्ष आठवण एकमेकींत कशा मिसळत जातात हे अभ्यासायचं असेल तर अक्कलकोट आणि गाणगापूर यांच्या पोथ्या शेजारी ठेवाव्यात. त्यासाठी कानडी आणि मराठी दोन्ही घरच्या असलेली माणसं हवीत. ती या दोन तीर्थांमधल्या गावांत पुष्कळ आहेत. सायंदेवाच्या घरासारखी इथल्या कितीतरी घरांत सांगोवांगी चालत आलेल्या आठवणी आहेत, आणि त्या लिहून घेण्याचं काम अजून कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.